ओल्या पाचटाचा वास

लिहिण्याचे धाडस करतो आहे, याबद्दल प्रथम क्षमा मागतो. माझे आयुष्य प्रयोगशाळेत गेले. आधी एका साखर कारखान्यात आणि नंतर बारामतीच्या बाजूच्या एका वाइन कारखान्यात. लिहिणे म्हणजे नमुन्याचा क्रमांक, तीन-चार आकडे आणि शेवटी अभिप्रायाची एक ओळ, एवढेच मला ठाऊक. निवृत्तीनंतर, बासष्टाव्या वर्षी, परिच्छेद जुळवत बसलो आहे, आणि तेही माझ्याच अशा एका ओळीमुळे.

ती ओळ सात वर्षांपूर्वीची. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावचे एक शेतकरी आम्हाला वाइनची द्राक्षे देत. सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणे. चहूकडे ऊस असताना त्यांनी दोन एकरांत काळी द्राक्षे लावली होती. गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे त्या द्राक्षांच्या वाइनचा एक थेंबही त्यांनी कधी जिभेवर घेतला नाही. तोडणीचा दिवस मात्र तेच ठरवत. मणी तोंडात टाकून गर थुंकायचे आणि बी दाढेखाली धरायचे. भाजलेल्या हरभऱ्यासारखी ती फुटली की तोडणी. माझे साखर मोजायचे यंत्र आणि आबांची दाढ यांच्यात सहसा मतभेद होत नसे.

त्या वर्षी झाला. त्यांचा माल पाणचट आला, साखर कमी भरली. तोडणीच्या आठवड्यात दोन संध्याकाळी पाऊस झाला, असे आबांचे म्हणणे होते. बारामतीत थेंब पडला नव्हता. जवळच्याच सणसर गावचा माल कोरडा आणि गोड आला होता. अवकाळी पाऊस असाच पडतो, एका शिवारात झोडपतो आणि दुसऱ्यात धूळही बसू देत नाही, हे मला माहीत नव्हते असे नाही. पण मी उसात वाढलेला माणूस. आमच्या भागात उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, कमी आला की पहिली शंका येते ती एकच: वजन वाढावे म्हणून तोडणीआधी पाणी सोडले असणार. मी अभिप्राय लिहिला, “तोडणीपूर्वी पाणी दिल्याचे दिसते.” त्यांच्या मालाची वाइन वेगळी केली गेली, नापास झाली आणि मद्यार्कासाठी पाठवली गेली.

आबा एकदा प्रयोगशाळेत आले होते. चपला बाहेर काढून दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “सायेब, पाऊस झाला हो.” मी कागदावरून नजर न उचलता, बघतो म्हणालो. बघायला कळसला गेलो नाही. माझा अभिप्राय गावभर झाला होता; पुढच्या हंगामाआधी त्यांनी वेली उपटल्या आणि ऊस लावला.

त्यानंतर कधीतरी इंदापूरला एका लग्नाला जाताना कळसच्या फाट्यावर चहाला थांबलो, तर टपरीच्या बाकावर आबा बसलेले. कोणीतरी त्यांना विचारले, “काय आबा, आज कुणाच्या रानात पाणी सोडलंय?” बाकीचे हसले. हा त्यांचा रोजचा विनोद असावा, कारण हसण्यात उत्साह नव्हता. आबांनी बशीतला चहा संपवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी अर्धा कप तसाच ठेवून गाडीत जाऊन बसलो. तेव्हापासून त्या रस्त्याने जाण्याचे टाळत आलो.

यंदा फ्रान्समध्ये नोकरी करणारी माझी मुलगी सुट्टीवर आली. विमानातून दोन लिटरच आणता येते, म्हणून तिने अर्ध्या आकाराच्या पाच बाटल्या आणल्या. सगळ्या एकाच मळ्याच्या, पण पाच वेगवेगळ्या वर्षांच्या तांबड्या वाइन. तो मळा काही शतकांचा जुना. त्याच भिंतीच्या आत त्याच उतारावर पिढ्यान्‌पिढ्या द्राक्षे लावली जातात. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक चिठ्ठी होती. त्या वर्षी तिथे हवा कशी होती, एवढेच तिच्यावर फ्रेंचमध्ये छापलेले.

एका दुपारी पुढचे दार लावून आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. दार लावले ते शेजाऱ्यांच्या भीतीने. चाळीस वर्षांत घरी बाटली उघडण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग. थुंकण्यासाठी स्टीलचे पातेले आणि तोंड साफ करायला साधा पाव घेतला. सन दोन हजार नऊची बाटली उन्हात पिकलेल्या जांभळासारखी, भरघोस. दहाची ताठ होती, हिरड्या आवळून धरणारी; अजून काही वर्षे तिला हात लावायला नको होता. दोन्ही एकाच घरच्या आहेत, हे कळत होते, पण स्वभाव निराळे. मग मुलीने तेराची ओतली.

रंग फिका होता. पेला नाकाशी नेला आणि मी तो खाली ठेवला. पुन्हा उचलला. उसाचा वाळलेला पाला, आम्ही ज्याला पाचट म्हणतो, तो पावसात भिजून दोन दिवस पडून राहिला की जसा वास सुटतो, तसा मंद कुजट वास त्या वाइनला होता. मुलीला चिठ्ठी वाचायला सांगितली. तोडणीच्या तोंडावर पाऊस आला, घडांना बुरशी लागू लागली, म्हणून घाईने तोडणी करावी लागली, हाताने घड निवडून बरेच टाकून दिले, आणि उरले त्याची ही वाइन, अशा अर्थाचा मजकूर होता. मी तो दुसऱ्यांदा वाचून घेतला. लेबलावर त्या वर्षाचा आकडा इतर वर्षांइतक्याच मोठ्या अक्षरात होता.

पुढच्या दोन बाटल्या मी नीट चाखल्या नाहीत. साखरेचे पोते दरवर्षी सारखेच भरले पाहिजे, हे माझे शिक्षण. वेगळे आले की दोष, आणि दोष आला की कोणीतरी दोषी. त्या मळ्यात वेगळेपणाला वर्षाचे नाव देऊन मोकळे होतात. पण मला अस्वस्थ केले ते या विचाराने नव्हे. तो वास मी पूर्वी घेतला होता, आणि लिहूनही ठेवला होता.

माझी जुनी टिपणवही सापडली. आबांच्या नमुन्यापुढे माझ्याच अक्षरात होते: “ओल्या पाचटासारखा वास. क्रेट अस्वच्छ असावेत.” आबांच्या मळ्यात ठिबक सिंचन होते. ठिबकचे पाणी मुळाशी जाते. घड भिजत नाही. घड भिजल्याशिवाय ती बुरशी येत नाही आणि त्या बुरशीशिवाय तो वास येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होते. नाकाने पाऊस ओळखला होता, आणि मी बिचाऱ्या क्रेटांना नावे ठेवली.

प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाच्या वाइनची एक सीलबंद बाटली आम्ही राखून ठेवत असू. निवृत्त होताना जुने नमुने फेकायचे होते. त्यांतले काही मी खोक्यात भरून घरी आणले होते. का, ते तेव्हा सांगता आले नसते. जिन्याखालचे खोके ओढले, आबांच्या क्रमांकाची बाटली उघडली आणि काही न सांगता मुलीपुढे पेला धरला.

“तेराचीच परत ओतलीत ना, बाबा?” ती म्हणाली.

मी तिला सगळे सांगितले. तिने बाटली उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, “सात वर्षं जुनी, जिन्याखाली पडलेली बाटली आहे. कोर्टात कोणी मानणार नाही हं.”

“कोर्टात नाही जायचं. कळसला जायचंय.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्यांतले उरलेले वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन पेल्यांसह कापडी पिशवीत घालून मी एकटाच निघालो. काय बोलायचे ते गाडीत चारदा म्हणून पाहिले आणि पोहोचेपर्यंत विसरलो. आबा अंगणात खाटेवर बसले होते, पूर्वीपेक्षा वाळलेले. सुनेने चहा आणला. पिशवीतून बाटल्या निघालेल्या पाहून ती आत निघून गेली. प्यायची नाही, फक्त वास घ्यायचा, असे मी आधीच सांगितले. परदेशातल्या पावसाची हकिकत सांगितली, मग त्यांच्या बाटलीची.

त्यांनी दोन्ही पेले आळीपाळीने नाकाशी धरले. डोळे मिटले होते. घाई केली नाही.

“ह्यो वास मला ठावं हाय,” ते म्हणाले. “तवा माल भरायच्या शेडमधी चार दिस ह्योच हुता.”

मी चुकलो, असे मी म्हणालो. आवाज इतका लहान आला की पुन्हा म्हणावे लागले.

“मला कशापायी सांगता, सायेब? पाऊस झाला ते मला तवाच ठावं हुतं.” त्यांनी पेले खाटेखाली ठेवले. “तुमी कागदावर लिवलं हुतं. आता बी कागदावर लिवा. आन्‌ हितं येऊन वाचा, फाट्यावर, टपरीम्होरं. समद्यास्नी ऐकू येईल असं.” मग म्हणाले, “च्या माझ्याकडनं.”

मी चार माणसांत कधी बोललेलो नाही. निरोप समारंभातही हात जोडून खाली बसलो होतो. तरीही हो म्हणालो, आणि म्हणून हे लिहिले. घरी तीनदा मोठ्याने वाचून पाहिले. “पाणी दिल्याचे दिसते” या शब्दांशी दर वेळी आवाज बसतो. रविवारी कळसला जायचे आहे. फाट्यावर कोणीतरी विचारेलच, की वासाला काय पुरावा म्हणायचा, आणि साहेबाने बाटलीत काय घातले ते कोण बघायला गेले होते. त्यांना देण्यासाठी माझ्यापाशी टिपणवही आणि एक जवळजवळ रिकामी बाटली, एवढेच आहे. त्या वेळी कोणताही पुरावा न मागता माझ्या एका ओळीवर सगळ्या गावाने विश्वास ठेवला होता. आता या इतक्या ओळींवर तुम्ही ठेवाल का?