पहारीची सावली आणि भिवाचं घड्याळ

नगरहून सकाळची मोटार सुटली तेव्हा माझ्या पिशवीत नकाशाची वही, ओळंबा आणि हातभर सुतळी होती. "एवढ्या लांब सावली बघायला? ती आपल्या अंगणात पडत नाही वाटतं?" असं घरून ऐकून घेतलं होतं. भूगोलाच्या मास्तराचं दुखणं घरच्यांना काय कळणार! आपल्याकडे वर्षातून दोनच दिवस सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मेच्या मध्यावरचा दिवस मी तापात घालवला होता. आता जुलैअखेरचा उरला होता आणि नगरात आठवडाभर आभाळ भरलेलं. तिसगावाकडे पाऊस कमी, म्हणून तिकडे धाव.

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. आमच्या मोटारीने करंजीच्या घाटात मान टाकली. सगळे उतरून ढकलू लागलो. माझी घाई पाहून ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, सूर्य काय पळून चाललाय व्हय?"

"पळून चाललाय, म्हणूनच तर!" मी ओरडलो आणि आणखी जोर लावला.

तिसगावला उतरलो तेव्हा एक वाजला होता. सरकारने लढाईपायी सगळी घड्याळं तासभर पुढे केली होती, त्यामुळे खरी माध्यान्ह दीड वाजून गेल्यावर येणार होती. बाजारतळावर एका दुकानातून पहार मागून घेतली आणि ओळंबा धरून सरळ रोवली. माणसं जमली. ढग आले, गेले, पुन्हा आले. मला घाम फुटला. एकदाचं लख्ख ऊन पडलं आणि पहारीची सावली आखडत आखडत बुंध्यात शिरली. घड्याळात एक छत्तीस! मी तिथेच टाळ्या पिटल्या.

गर्दीतून एक बाई पुढे आली. कनवटीचं पत्र काढून म्हणाली, "मास्तर, माज्या भिवानं बी ह्येच लिवलंय. लोक म्हनत्यात त्यो ब्रह्मदेशात हाय, लढाईच्या तोंडी. कुटं हाय त्यो, सांगा की."

तिचं नाव ठकूबाई. फौजेतल्या पत्रात ठिकाण लिहायची मनाई असते. मेच्या मध्यावर लिहिलेलं ते चार ओळींचं पत्र मी वाचलं. 'आज दुपारी तंबूच्या खांबाला सावली नव्हती. तेव्हा माझ्या घड्याळात तीन वाजले होते. काटे मी घरच्यासारखेच ठेवले आहेत. मासळी खायला शिकलो.'

पोराने नकळत आपला पत्ताच लिहिला होता! मेच्या मध्यावर सावली नाहीशी होते ती आपल्याच अक्षांशावर. म्हणजे या पहारीपासून सरळ पूर्वेला नाहीतर सरळ पश्चिमेला, पण याच रेघेवर. आणि त्याची माध्यान्ह आपल्यानंतर झाली, म्हणजे सूर्य त्याच्याकडे उशिरा पोचतो.

"मावशी, ब्रह्मदेश पूर्वेला. तुमचा भिवा पश्चिमेला आहे!"

तिने पत्र परत घेऊन कपाळाला लावलं. पण माझा उत्साह तेवढ्यावर थांबेना. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात. आपल्याकडे दीड, त्याच्याकडे तीन; दीड तासाचे साडेबावीस अंश. मी वहीवर बोट सरकवलं आणि ते अरबस्तानच्या ओसाड वाळवंटात जाऊन थांबलं. गाव नाही, विहीर नाही. मी हळूच तसं सांगितलं.

ठकूबाई म्हणाली, "वाळूत मासळी कुटली हो, मास्तर?"

मी कपाळावर हात मारला. "भिवा गेला कधी?"

"नवा टाइम आला न्हवता तवा. जुन्याच टाइमाला गेला की त्यो."

म्हणजे त्याच्या घड्याळातला तास कुणी पुढे केलाच नव्हता! त्याचे तीन म्हणजे आपले चार; दीडाचे अडीच तास झाले. बोट आणखी पंधरा अंश सरकलं, वाळू संपली आणि थेट तांबड्या समुद्राच्या काठाला लागलं. तिथे एक बंदर होतं. मिनिटं थोडी इकडेतिकडे असतील, पण मासळीची साक्ष पक्की होती. तिच्या कानात मी बंदराचं नाव सांगितलं. ते तिला म्हणता येईना, तरी चारदा म्हणून पाहिलं. फळ्यावर एवढी वर्षं रेघा ओढल्या, पण आजच्याइतका आनंद कधी झाला नव्हता.

तिने मला घरी नेऊन बाजरीची भाकरी आणि माडगं (हुलग्याची पातळ पेज) वाढलं. स्वतः मात्र नुसतीच बसली.

"तुम्ही नाही जेवत?"

"त्याच्या डोक्यावर सूर्य कवा येतोय?"

"आपल्यानंतर अडीच तासांनी."

"मग माजं तवाच. रोज."

परतीच्या मोटारीत मी वही उघडली नाही. रेखांश म्हणजे नकाशावरची उभी रेघ, असं मी मुलांना सांगत आलो; ते खोटं नाही, पण फारच थोडं आहे. घाटात मोटार पुन्हा थांबली. ढकलायला उतरलो आणि घड्याळ पाहिलं. चार वाजून सहा मिनिटं. तिसगावात ठकूबाई आता लेकाबरोबर जेवायला बसली असेल.