काळजिरग्याचा पासवर्ड

स्वप्नाली मंगळवार पेठेत दोन खोल्यांत राहते आणि तिथंच वेबसाइटी बनवते. वय सत्तावीस. खुर्चीवर मांडी घालून टाईप करते, स्क्रीनवर चूक दिसली की स्क्रीनलाच शिव्या घालते.

शाहूवाडीकडच्या बायकांच्या गटासाठी तिनं भाताच्या जुन्या बियाण्यांचं ॲप केलं होतं. कुठलं बी, कुणाच्या घरात. पण यादी तिच्या एकटीच्या लॅपटॉपमध्ये. लॅपटॉप गेला की यादी गेली. म्हणून तिच्यासोबत काम करणाऱ्या सम्राटनं काल क्लाऊडवर जागा घेऊन यादी तिथं चढवली. आता ॲप त्या यादीला जोडायचं, एवढंच उरलं होतं. गटाच्या म्होरक्या सरुबाई. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "जोडलं तर बघू. न्हाईतर ह्या पेरणीला आपली जुनीच पद्धत."

आणि सकाळच्या एसटीनं त्या थेट खोलीवर आल्या.

"जोडलंस?"

"जोडते की. बसा, आज्जी."

पासवर्ड सम्राटनं फोनवर सांगितला होता : गटाच्या मुख्य बियाण्याचं नाव, इंग्रजी अक्षरांत, पुढं एकोणीस. स्वप्नालीनं काळजिरगा टाईप केलं. लाल ओळ आली. पुन्हा केलं. पुन्हा लाल.

"काय म्हणतंय?"

"वळखत न्हाय म्हणतंय."

"कुणाला?"

"मला."

"मग नाव सांग की त्याला तुझं!"

स्वप्नालीनं फोन स्पीकरवर टाकला. "सम्र्या, पासवर्ड लागंना."

"नीट टाक की. काळाजिरगा."

सरुबाई फोनकडं वाकल्या. "काळा? कोण हाय हे पावणं?"

"आज्जी, पुस्तकात तसंच हाय," सम्राट म्हणाला.

"पुस्तकानं कधी भात लावलाय व्हय? काळजिरगा म्हणत्यात."

"आणि पासवर्ड असा गल्लीभर ओरडत्यात व्हय?" स्वप्नाली म्हणाली. "बदलते आता."

आधी तिनं मध्ये एक 'ए' वाढवला. लाल ओळ गेली. यादी उघडली.

"माझं कुठाय?"

काळजिरगा, सरुबाई. त्याखाली काळाजिरगा, शालूबाई. त्याखाली काळी जिरग, चिमणाबाई.

"ही तीन कशाला? बी एकच हाय. त्या दोघींस्नी मीच दिलतं."

"जिनं तिनं आपापल्या परीनं लिहिलंय. ॲपला तीन वाटत्यात."

"मग जुनंच बरं."

"जुनं म्हणजे? वहीत काय लिहिलंय?"

"वही कुठली? मला ठावं हाय की सगळं."

"आणि तुम्ही नसल्यावर?"

सरुबाईंनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, दोन घोट घेतले, झाकण घट्ट लावलं.

"बस मांडी घालून," त्या म्हणाल्या. "सांगते. लिव."

दोन तास चाललं. स्वप्नालीनं प्रत्येक बियाण्याला एक नंबर दिला आणि शेजारी नवा रकाना काढला : तुमच्यात काय म्हणतात? एक्केचाळीस बियाण्यांची अठ्ठावीस झाली. काळजिरग्यापुढं तिन्ही नावं बसली. आधी कुठलं, यावर थोडं वाजलं. सरुबाईंचं आधी बसलं.

मग पासवर्ड बदलला. ॲप बंद करून पुन्हा उघडलं. यादी आली.

"नवा काय ठेवलास?"

"सांगायचा नसतोय."

"मला सुदीक?"

"तुम्हाला सुद्धा."

सरुबाईंनी पिशवी उचलली. "मग ह्या पेरणीपासनं हितंच लिवायचं. सांगते बायकांस्नी." दारातून परत वळल्या. "आणि त्या सम्राटाला एकदा शेतावर धाड."