हनुवटीखालची निळी रेघ

गल्लीतल्या शिंप्याने वयाच्या बावन्नाव्या वर्षी धनुष्य हाती घेतलं, तेव्हा पहिली धास्ती घेतली ती शेजारपाजारच्या पाण्याच्या टाक्यांनी. रस्ता ओलांडताना ज्याला बायकोचा हात लागतो, तो माणूस नेम धरणार! पण डोक्यात भुंगा शिरला की शिरला.

तिरंदाजीच्या मैदानावर कोच यायचे महिन्यातून एकदा, तेही तासाभरासाठी. एरवी ज्याचं त्याने बघायचं. परीक्षेचे नियम मात्र कडक. पंधरा मीटरवरून बारा बाण, त्यातले आठ लाल वर्तुळाच्या आत. तीन संधी. तिन्ही हुकल्या, तर वर्षभर मैदान बंद. शिंपी दोनदा आपटला होता. दुसऱ्या खेपेला त्याचा एक बाण अगदी मधोमध रुतला; लक्ष्य तेवढं शेजारच्याचं होतं.

"तीस वर्षं मशीनवर वाकून काढली," तो दुकानात बसल्या बसल्या म्हणाला. "तिथे तासभर ताठ उभा असतो, तेही आता जाणार. वय झालं, दुसरं काय!"

काजं करता करता बायकोने मान वर केली. "वयाचं नंतर बघू, आधी हात बघा. एकदा कानाशी थांबतो, एकदा गालाशी. अहो, टाका ओढल्यासारखी दोरी ओढता तुम्ही! ताठ झाली की सोडली. कापड दोनदा मोजता आणि इथे अंदाजपंचे?"

शिंप्याला राग आला. खरं बोललं की येतोच.

दुसऱ्या दिवशी तो इलॅस्टिकची जाड पट्टी घेऊन ट्रायलच्या आरशासमोर उभा राहिला. बोटाला कापडावर खुणा करायचा निळा खडू फासायचा, डोळे मिटून पट्टी ओढायची आणि मग आरशात बघायचं. गालावर, कानाच्या पाळीवर, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा निळे पट्टे!

ब्लाउज न्यायला आलेल्या पोस्टातल्या बाई दारातच थबकल्या. "मास्तर, रंगकामही घेता?"

"घेतो. सध्या स्वतःचंच चालू आहे."

तीन आठवडे हेच. पट्टे हळूहळू जवळ सरकत गेले आणि एका सकाळी हनुवटीखाली एकच ठसठशीत रेघ उरली.

परीक्षेत अकरा बाण झाले, सात आत. बाराव्याला त्याने दोरी ओढली, पण बोट हनुवटीला टेकलं नाही. महिन्यापूर्वी तो 'जाऊ दे' म्हणून सोडून मोकळा झाला असता. आता त्याने दोरी सावकाश सैल केली, श्वास घेतला आणि पुन्हा ओढली. कुंपणाबाहेर बायकोने पर्स छातीशी आवळली.

बाण लाल वर्तुळाच्या काठाला रुतला. कोच वाकून बघत राहिले.

"रेषेला शिवलाय. म्हणजे आत! पण काका, ओढलेली दोरी परत घ्यायला शिकवलं कोणी?"

"कोणी कशाला? काप वाकडा जातोय दिसलं, की कात्री थांबवायची."

कोच हसले. "पुढच्या महिन्यापासून वीस मीटर. जमेल?"

शिंप्याने लांबच्या लक्ष्यापर्यंतचं अंतर डोळ्यांनी दोनदा मोजलं.

"अहो," कुंपणापलीकडून आवाज आला, "आधी हो म्हणा!"