समुद्रवाले काका

"लाज वाटते, पण विचारतो," असं म्हणून ते आधी चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकाने पुसत, आणि तो परत नाकावर बसेपर्यंत समोरच्याला प्रश्नाची वाट पाहावी लागे. प्रश्न बहुधा साधाच असे. लग्नात आचाऱ्याला, "भट्टीत काय जाळून राहिले, लाकूड की कोळसा?" इस्त्रीवाल्याला, "भैया, ये कोयला कहाँ से लाते हो?" तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल, ज्याला लाज खरोखरच वाटते आणि तरी विचारल्यावाचून राहवत नाही. अशा माणसाला आपण हसतो. आमच्या विजय नगर कॉलनीत आम्ही सगळेच हसत होतो.

ते माझ्या बाबांचे मित्र. दोघांचे वडील इथल्या फॅक्टरीत कामाला, क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. बाबा बँकेत लागले. काका रसायनशास्त्र शिकले आणि हवा तपासणाऱ्या सरकारी खात्यात नोकरीला गेले. निवृत्त झाल्यावर त्यांना घरबसल्या एक परदेशी काम मिळालं. उत्तरेकडे एक थंड समुद्र आहे. त्याच्या काठच्या देशांतून शिसं, कॅडमियम, पारा यांचा किती धूर दरवर्षी हवेत जातो आणि त्यातला किती त्या समुद्रात पडतो, याचे आकडे जुळवायचे, आणि वर्षावर्षांची रेघ काढून पाहायचं, की ती चढते आहे की उतरते आहे.

म्हणून कॉलनीने त्यांना समुद्रवाले काका केलं. त्यांनी स्वतः समुद्र एकदाच पाहिला होता, पुरीला. तोही नीट नाही, कारण काकू पाण्यात उतरल्या आणि हे सगळ्यांच्या चपला राखत काठावर उभे राहिले.

रोज सकाळी ते आमच्याकडे पेपर वाचायला येत; बाहेरची पानं बाबांकडे, आतली त्यांच्याकडे. बाबा त्यांना सोडत नसत.

"काय रे, तुझा समुद्र काय म्हणतो?"

"शिसं उतरून राहिलं. पेट्रोलमधून काढलं नं, तेव्हापासून उतरूनच राहिलं."

"अच्छा! म्हणजे तिथले मासे खूश. आणि इथे नाल्यामागे रोज कचरा जळतो, तो कोणाच्या खात्यात?"

यावर काका चष्मा पुसत. "कोणाच्याच नाही," ते म्हणत. "कोणी मोजतच नाही. रिकामा रकाना म्हणजे शून्य नसतं, पण लोक शून्यच वाचतात." एवढं बोलताना त्यांचा चेहरा असा पडे, जणू तो कचरा त्यांनीच पेटवला होता. कुठल्याही धुराची लाज त्यांना स्वतःची वाटत असे. हा त्यांचा स्वभाव होता की धंद्याने लावलेली सवय, मला कधी कळलं नाही.

पाऱ्यावर मात्र ते मनापासून बोलत. पारा जळून संपत नाही, वाफ होऊन उडतो. एका देशात उडतो, दुसऱ्या देशात पावसाबरोबर खाली येतो, पाण्यातून माशात जातो, माशातून गरोदर बाईत आणि तिच्यातून लेकरात. वीजघरांच्या, कारखान्यांच्या चिमण्यांना गाळण्या बसल्या, तशा त्या सगळ्या रेघा उतरल्या. एकच रेघ चढत होती. ती स्मशानांची.

"दाढेत चांदी भरतात नं, तिच्यात निम्मा पारा असतो," त्यांनी मला समजावलं होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल, मला ऐकून घ्यायची सवय आहे. "तिकडे हल्ली दहन करतात. ज्या पिढीच्या दाढा भरल्या, ती आता जाऊन राहिली. म्हणून ती रेघ चढते."

बाबा गेले ते थंडीत. काल संध्याकाळी बोलत होते आणि सकाळी नव्हते, असं जाणं. ग्वारीघाटावर मी अग्नी दिला. नर्मदेवर धुकं होतं, त्यामुळे धूर वर चढेना, आमच्याच अंगावर येत होता. लोक तोंडाला रुमाल लावून मागे सरकले. काका सरकले नाहीत. ते माझ्याशेजारी आले, चष्मा काढला, पुसला.

"लाज वाटते बेटा, पण विचारतो. बाबांच्या दाढा भरलेल्या होत्या का रे?"

आणि मी उत्तर दिलं. "हो काका. खालच्या दोन." इतकं सरळ, जणू लायब्ररीत कोणी पुस्तकाचा नंबर विचारला होता. त्यांनी मान हलवली आणि धुराकडे पाहत राहिले.

हे माझ्या मामांनी ऐकलं. मामा पनागरचे, भाज्यांच्या बाजारात आवाज कमावलेले. "भाऊसाहेब, ये कोई पूछने की बात है? इथे माणूस जळून राहिला आणि तुम्ही त्याचे दात मोजता?" घाटावरचे सगळे वळले. काकांनी हात जोडले. कोणाला जोडले, मामांना, मला की बाबांना, ते समजलं नाही. मग ते एकटेच पायऱ्या चढून गेले.

संध्याकाळपर्यंत गोष्ट आईपर्यंत पोचली होती. ती ओरडली नाही. भिंतीला टेकून बसली होती, तशीच बसून म्हणाली, "यांच्या शेवटच्या धुरातही त्यांना विषच दिसलं. त्यांना सांग, या घरात यायचं नाही."

तेराव्याला ते आले होते. फाटकाबाहेर उभे राहिले, कडी उघडली नाही. आतून मामा तीच गोष्ट पाहुण्यांना सांगत होते, दात मोजायची नक्कल करून. शोक असलेल्या घरातही लोक हसायला कारण शोधतात. ते हसणं फाटकापर्यंत नक्कीच पोचलं असणार. मी खिडकीतून पाहत होतो. मला बाहेर जाता आलं असतं.

पुढच्या आठवड्यात गेलो. काकूंनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "पेपर वाचणंच बंद केलं त्यांनी. वाचायचा कोणासोबत, म्हणतात."

काका संगणकापुढे बसले होते. पडद्यावर तीच चढती रेघ होती.

"काका, काहून विचारलं तुम्ही?"

या वेळी त्यांनी चष्म्याला हात लावला नाही. "तुला खरं सांगू? मी रडायला गेलो होतो. रडूच येईना. इतकी वर्षं मी त्या देशांची मेलेली माणसं एका आकड्याने गुणून राहिलो. कोणाचा चेहरा पाहिला नाही. त्या दिवशी पहिल्यांदा माझा माणूस समोर होता, आणि डोक्यात दुसरं काही येईचना. त्याच्या दाढा आल्या. आठवीत त्याची दाढ दुखली होती, मीच सायकलवर नेलं होतं दीक्षितपुऱ्यात डॉक्टरकडे. ती भरली होती की उपटली होती, तेवढंच आठवेना." मग म्हणाले, "वहिनींना हे सांगू नको. बहाणा वाटेल."

"आईला मी समजावतो."

"नको. विष आहेच नं त्यात. ते मी खोटं कसं म्हणू? फक्त ती वेळ नव्हती. एकदा त्यांच्या समोर बसून चूक मान्य करायला मिळालं, तर बस. दुसरं काही नको."

मी आईला समजावलं नाही. विषय काढायचो आणि तिचा चेहरा पाहून गिळायचो.

वर्षश्राद्ध आलं. आमच्याकडे रीत आहे, गेलेल्याच्या वयाच्या एका ओळखीच्या माणसाला त्याच्या नावाच्या पानावर बसवायचं. तो जेवला की गेलेला जेवला, आणि ते पान उठेपर्यंत घरचं कोणी जेवत नाही. कोणाला बसवायचं, असं गुरुजींनी विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "भाऊजींना सांगा." मी तिच्याकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. "माझं मन मोठं नाही झालं," ती म्हणाली. "पण यांच्यासोबत शाळेत गेलेलं आता दुसरं कोण उरलं आहे?"

काका "येतो" म्हणाले. आणि आले नाहीत.

पान वाढलं, वरण निवलं, गुरुजी घड्याळ पाहू लागले. मामा पोटावर हात फिरवत म्हणाले, "अजून तोरा आहे साहेबांना! चलो, गाईला घाला पान आणि आपण बसू." मी उठून काकांच्या घरी धावलो. ते पलंगाच्या कडेवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले, पायात चपला. सकाळपासून तसेच बसून होते, काकू म्हणाल्या.

"पाय उचलूनच नाही राहिला, बेटा," काका म्हणाले. "फाटक दिसतं आणि ते हसणं ऐकू येतं."

मी घरी येऊन हे सगळ्यांसमोर सांगितलं. हसणंसुद्धा. मामा खाली पाहू लागले. आई उठली.

पुढच्या पावसाळ्यात काका गेले. समुद्राचं काम आता दुसरं कोणी करत असेल, रेघ कुठे पोचली, मला माहीत नाही. त्यांना आम्ही वर्षभर बाहेर ठेवलं, ही गोष्ट आमच्या घरात कोणी बोलत नाही. पण पेपर आला की आई अजून त्याची आतली पानं काकांसाठी वेगळी काढून ठेवते, आणि मग तिच्या लक्षात येतं.

त्या श्राद्धाच्या दिवशी भर दुपारी ती पान ताटात ठेवून, पदराने झाकून, स्वतः निघाली होती. मागोमाग मी पाण्याचा तांब्या घेऊन. काका तिला पाहून उभे राहिले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"आधी जेवा भाऊजी," आई म्हणाली. "हे उपाशी आहेत."

काका खाली बसले. त्यांनी पहिला घास घेतला. आई त्यांच्याकडे पाठ करून, खिडकीचा गज धरून उभी राहिली, आणि पान संपेपर्यंत वळली नाही.