चुकीच्या गेटवरचे पुढारी

संप करता येणार नाही अशी जागा या पृथ्वीतलावर अजून निर्माण झालेली नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो आमच्या समोरच्या खोलीत राहत होता. परळच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे पुढारी म्हणत. माझगावच्या एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात ते फिटर होते आणि तिथल्या युनियनचे पुढारी होते. नोकरी संपली, युनियनही मावळली, पण त्यांचं पुढारीपण काही सेवानिवृत्त झालं नाही. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी त्यांना इस्पितळात ठेवलं, तर टाके ओले असतानाच त्यांनी अख्खा वॉर्ड पाणचट चहाविरुद्ध उभा केला. ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांनी पडल्यापडल्या पाठिंबा दिला. दोन दिवसांत चहात दूध दिसू लागलं आणि डॉक्टरांनी यांना ठरल्यापेक्षा लवकर घरी सोडलं. "प्रकृतीत झपाट्यानं सुधारणा झाली म्हणून सोडलं," असं ते सांगत. चाळीत याबद्दल दुसरं मत होतं.

जहाजाच्या पत्र्यावर घण पडत असताना बोलायची सवय, त्यामुळे त्यांची कुजबुजसुद्धा तळमजल्यावर ऐकू जायची. समोर एकटा इस्त्रीवाला उभा असला तरी सुरुवात "बंधूंनो" अशीच व्हायची. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन, आणि चालणं असं की मागून हजारभर माणसं येत आहेत. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मागून चाळीतलं मांजर येत असे. पण त्यांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ते कुणाच्याही घरात शिरून बसत नसत. "जय भीम" म्हणत यायचे आणि एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर ठेवून उभे राहायचे. बसा म्हटलं की म्हणायचे, "गेट मीटिंग गेटवरच होते गो, सूनबाय. पाळी सुटली की फाटकाशी उभं राहायचं आन् कामगारांशी बोलायचं. आत बोलवून खुर्ची देतात ते मालक. एकदा त्या खुर्चीत बसला की पुढारी संपला." चहासुद्धा ते उंबऱ्यावर उभ्यानं घेत आणि कप परत देताना साखरेबद्दल एक मागणी नोंदवत.

मी घरून काम करते. म्हणजे विमा कंपनीकडे आलेली इस्पितळांची बिलं तपासते, आणि तेच चालू असताना दोन मुलंही वाढवते. जुई तेव्हा सहा वर्षांची होती आणि कबीर तीन. नवऱ्याची, मंगेशची, एका लॅबमध्ये पाळ्यांची नोकरी, सासूबाई गावाला. घरून काम करताना उत्साह कसा टिकवावा यावर मोबाइलवर जितके व्हिडिओ आहेत ते सगळे मी पाहिलेत, बहुतेक भांडी घासताना. त्यातली हसरी बाई सांगते, कामासाठी स्वतंत्र खोली ठेवा. आमच्या दोन खोल्यांत एकटं बसता येईल अशी जागा एकच, ती म्हणजे मोरी. ती सांगते, टेबलावर एखादं हिरवंगार रोप ठेवा. ठेवलं. कबीरनं ते खाल्लं. ती सांगते, छान कपडे करून कामाला बसा, मन ताजं राहतं. एकदा ठेवणीतला ड्रेस घालून बसले तर जुईनं विचारलं, "लग्न कुणाचंय?" त्यानंतर मी गाऊनवर ओढणी घेऊन मीटिंगला बसायला लागले, आणि मनाच्या ताजेपणाचा विषय सोडून दिला.

आता पुढाऱ्यांची अडचण अशी, की चोवीस तास समोरच्या दारातून त्यांना आमचं घर दिसायचं. काय दिसायचं? कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसलेली एक बाई, आणि तिच्यासमोर हात पसरून उभे असलेले दोन जीव. ती बाई त्यांना सांगतेय, "आत्ता नाही. नंतर बघू. आधी जागेवर जाऊन बस." पुढाऱ्यांनी उभ्या हयातीत हीच तीन वाक्यं ऐकली होती, आणि ती कोण बोलतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. झालं. माझ्या मुलांची युनियन स्थापन झाली. जुई सेक्रेटरी, कबीर आम सभासद, आणि सल्लागार म्हणून उंबऱ्यावर हे.

पहिली मागणी आली ती मला अजून आठवते. मी नेहमीप्रमाणे "नंतर बघू" म्हटलं, तर जुई हाताची घडी घालून म्हणाली, "नंतर म्हणजे किती वाजता?" मागून कबीर म्हणाला, "किती वाजता?" त्याला घड्याळ कळत नव्हतं, पण एकजूट कळत होती. मग साखर लावलेल्या पोळीची मागणी आली, जेवताना आईनं मोबाइल बघू नये ही आली. मी चिडायचे. पण खरं सांगायचं तर पुढाऱ्यांमुळेच घरात वेळ ठरवून बोलायची पद्धत पडली. 'साडेबाराला' म्हटलं की साडेबारापर्यंत खरोखरच शांतता मिळायची, कारण पुढारी पोरांना बजावत, "शब्द दिलाय ना तिनं? मग तोवर काम बंद पाडायचं नाय. आपण गुंड नाय, संघटना आहोत."

तरीही ते दिवस वाईट होते. मीटिंगमध्ये मागून येणाऱ्या आवाजांबद्दल माझ्या वरिष्ठ मॅडम दोनदा बोलल्या होत्या. तिसऱ्यांदा त्यांनी स्पष्टच सांगितलं, पुन्हा असं झालं तर पुढच्या महिन्यापासून रोज ऐरोलीच्या ऑफिसात यायचं. ऐरोलीला जायचं तर मुलांना कुठे ठेवायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणजे नोकरी जाणार होती. आणि ती नोकरी फक्त पगारासाठी नव्हती. दिवसभरात तेवढीच एक गोष्ट होती जी मी माझी म्हणून करत होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, पुढाऱ्यांना तर नाहीच.

उन्हाळ्याच्या सुट्टीतली एक दुपार. वर्षाच्या तपासणीची मीटिंग, सगळ्यांचे कॅमेरे चालू, मी माझ्या बिलांचा हिशेब मांडतेय. दुपारी समुद्रावर न्यायचं मी मुलांना कबूल केलं होतं आणि सकाळीच ते रद्द केलं होतं. तेवढ्यात मागून ताट वाजलं. मग दुसरं. जुई पुढे, कबीर चड्डीविना मागे, आणि दोघं खणखणीत आवाजात, "आईची मनमानी, नही चलेगी, नही चलेगी." दोघांनी माझ्या खुर्चीला रीतसर घेराव घातला. पडद्यावर दहा-बारा चेहरे हसू दाबत होते. मॅडम हसत नव्हत्या. "आपण नंतर बोलू," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या 'नंतर'ची वेळ विचारायची माझी छाती झाली नाही. उंबऱ्यावर पुढारी उभे होते, शाबासकीच्या चेहऱ्यानं.

मी लॅपटॉप मिटला. रडायचं नाही असं ठरवत असतानाच रडू फुटलं. म्हटलं, "काका, तुमचा संप यशस्वी झाला. मी उद्या राजीनामा देते."

ताटं थांबली. पुढाऱ्यांचा चेहरा उतरला. आणि मग जे कधी झालं नव्हतं ते झालं, त्यांनी बाहेरचा पाय आत घेतला. आत आले आणि माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसले. आवाजही खाली आला. म्हणाले, "उठतेस किती वाजता?" मी सांगितलं. "जेवतेस कधी?" मला आठवेना. "हप्त्याची सुट्टी?" तशी काही नव्हतीच. "रजा? आजारीपणाची?" मला आजारी पडायलाच जमलं नव्हतं, ते मी सांगितलं. तुझ्याकडे कोण काय मागतं, कधी मागतं, नाही म्हटलं तर काय होतं, असं ते एकेक विचारत गेले आणि मी नाक पुसत उत्तरं देत गेले.

"म्हणजे मॅनेजमेंट तू नाय," ते म्हणाले. मग त्यांनी ताट हातात घेऊन उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिलं. "मालक हे. वेळ नाय, काळ नाय, हुकूम सोडतात. आन् या घरात कामगार तू एकटी. मी चुकीच्या गेटवर भाषण केलं गो, सूनबाय." तिथल्या तिथे त्यांनी मुलांच्या युनियनचा राजीनामा दिला आणि माझं सभासदत्व जाहीर केलं. आपण मालक आहोत हे कळल्यावर मुलांना इतका आनंद झाला की त्यांनी विरोधच केला नाही.

राजीनामा द्यायला त्यांनी मला साफ मनाई केली. "सभासदानं राजीनामा द्यायचा नसतो. मुदत मागायची." मी मॅडमना फोन केला, घडलं ते सगळं सांगितलं, आणि घरातला गोंधळ थांबवायला महिन्याची मुदत मागितली. त्यांनी नाखुशीनं दिली. मग पुढाऱ्यांनी मालकांशी वाटाघाटी केल्या. ठरलं असं, की सकाळी दहा ते एक मालकवर्ग समोरच्या खोलीत बसेल. तिथे त्यांना जहाजांच्या गोष्टी आणि कुरमुरे मिळतील. चार वाजता कामगाराला चहाची सुट्टी, आणि ती मी खरंच घेते की नाही हे पाहायला पुढारी स्वतः उभे. "हक्काचा चहा आहे. उपकार नाय कुणाचे," असं म्हणून कप रिकामा होईपर्यंत ते हलायचे नाहीत. मंगेशला त्यांनी बदली कामगार म्हणून जाहीर केलं, म्हणजे कायमचा माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी उभा राहतो तो. रविवारी सकाळी हजर व्हायचं, सबब चालणार नाही. मंगेश आधी हसला. पहिल्या रविवारी कबीरला आंघोळ घालून बाहेर आला तेव्हा तो स्वतःही भिजला होता आणि हसत नव्हता. पुढच्या रविवारी मात्र न बोलावता उठला.

उत्साह कसा टिकवायचा, ते मला शेवटी कुठल्याच व्हिडिओनं शिकवलं नाही. पुढाऱ्यांनीही त्यावर कधी भाषण दिलं नाही. ते फक्त रोज संध्याकाळी विचारायचे, "आज काय काम झालं?" मी सांगायचे, एका बिलात पेशंट घरी गेल्यानंतरचंही जेवण लावलं होतं, ते मी पकडलं. यावर ते इतके खूश व्हायचे की जणू मी बुडतं जहाज वर काढलंय. दुसऱ्या दिवशी ती बातमी पानवाल्यापर्यंत पोचलेली असायची. माझं काम कुणीतरी विचारतंय, म्हणून सकाळी ते करायला हात चालायचे. कधीकधी एवढ्याचीच गरज असते, आणि तेवढंच नेमकं मिळत नाही. मला मिळालं, हे माझं नशीब. महिना सरला, मॅडमनी पुन्हा ऐरोलीचं नाव काढलं नाही, आणि पुढच्या वर्षी माझ्या हाताखाली चार माणसं आली.

आता ते समोर नाहीत. गुडघे जिने चढेनात तेव्हा मुलगा त्यांना बदलापूरला घेऊन गेला. तिथल्या सोसायटीत लिफ्टच्या प्रश्नावर काहीतरी पेटल्याचं मध्यंतरी कानावर आलं, तेव्हा प्रकृती ठीक असावी असं आम्ही समजलो. मुलं दर आठवड्याला त्यांना फोन करतात. तरी ते दार बंद दिसलं की दुपारी घर फार गप्प वाटतं.

जाण्याच्या आधीच्या एक मेची गोष्ट. दरवर्षी त्या दिवशी ते माझगावला जुन्या कारखान्याच्या फाटकाला हार घालून यायचे. त्या वर्षी हार आणला, पण गेले नाहीत. आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि तो हार त्यांनी बायकोच्या फोटोला घातला. ती मी लग्न होऊन या चाळीत येण्याच्या आधीच गेली होती. याच खोलीत ती पंधरा-वीस कामगारांची खानावळ चालवायची, भल्या पहाटे चूल पेटवायची आणि तीन पोरंही वाढवायची, हे मला त्या दिवशी कळलं. "आन् मी बाहेर कामगारांच्या आठ तासांसाठी बोंबलत फिरायचो," पुढारी म्हणाले. "रात्री घरी आल्यावर शेजारी विचारायचे, बायको काय करते? मी सांगायचो, काय नाय, घरीच असते."

जुईनं फोटोकडे पाहत विचारलं, "मग तुम्ही त्यांना मेंबर का नाही केलं?"

फोटोवरचा हार पुढाऱ्यांनी उगाचच सरळ केला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिच्या वेळेला मला कळलं नाय गो, सूनबाय. तू तेवढी वेळेत सापडलीस."