आत्याच्या खात्यावरचा चेहरा

बँकांच्या व्याजदरांचा तक्ता मी आत्यासाठी केला, असं घरात सगळे समजत होते. मीही तसंच सांगितलं होतं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, भिवंडीत कामतघरला आमच्याबरोबरच राहते. लूमला लागणाऱ्या कांड्यांवर सूत भरायचं काम ती मी जन्मायच्या आधीपासून करते. पगार रोख, आठवड्याच्या आठवड्याला हातात. बँकेत खातं काढायची वेळच तिच्यावर आली नव्हती.

ती वेळ आली अंजूर गावच्या जमिनीमुळे. गोडाऊनवाल्यांनी आमचा तुकडा विकत घेतला. आमच्यात अशा वेळी बहिणी भावाच्या नावे हक्क सोडतात. भाऊ साडी देतो, बहीण सही करते. आत्याने साडी घेतली, सही केली नाही. बाबा चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "एक तारखेपर्यंत खातं काढ. तुजा हिस्सा त्यात टाकतो. न्हायतर माज्या नावावर एफडी करून मोकला होतो. तुजे पैशे मी काय खानार हाय?"

"खानार न्हाईस," आत्या म्हणाली. "पन ताट तुज्याकडं र्‍हाईल."

मी तिला घेऊन नाक्यावरच्या शाखेत गेले. तिथल्या यंत्रावर तिचा अंगठा उठेना. इतकी वर्षं सूत बोटांवरून सरकून तिच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. काउंटरवरच्या माणसाने तिची दहाही बोटं लावून पाहिली आणि म्हणाला, "कागदी फॉर्म भरू. दोन फोटो घेऊन सोमवारी या." मग माझ्याकडे वळून मोठ्याने विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?" रांगेतली सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडून शब्दच फुटला नाही. आत्याच म्हणाली, "भाची हाय."

घरी येऊन मी एवढंच सांगितलं, की बँकेत अंगठा उठला नाही. सोमवारचं बोललेच नाही. आत्याला काउंटरवरचं सगळं बोलणं कळलं नव्हतं, मागे लोकांचा गलका होता. त्या काउंटरसमोर मला परत उभं राहायचं नव्हतं. तक्ता त्यातून निघाला.

तक्ता मात्र मी मन लावून केला. नाक्यावरची बँक बचत खात्यावर पावणेतीन टक्के देत होती. एक नवी, फक्त फोनवर चालणारी बँक पावणेसातपर्यंत देत होती, पण तो दर एक लाखाच्या वरच्या रकमेलाच. तिसरी बँक खातं उघडलं की बोनस द्यायची, त्यासाठी नव्वद दिवस ठरावीक रक्कम हलवायची नाही आणि कार्ड तीनदा वापरायचं. ज्येष्ठ नागरिकांचा जादा अर्धा टक्का सगळीकडे फक्त मुदत ठेवीवर. बारीक अक्षरातलं इंग्रजी घरात मलाच वाचता येतं. वाचताना बरं वाटायचं. तिथे कोणी मला "तुम्ही कोण" विचारत नव्हतं. शेवटी हिशोब केला: फोनवरच्या बँकेत वर्षाला जे जादा मिळेल, ते आत्याच्या चार महिन्यांच्या पगाराएवढं होतं. बाबांनीसुद्धा तो आकडा दोनदा वाचला.

खातं उघडायला शुक्रवार निवडला. शुक्रवारी लूम बंद असतात. इतर दिवशी आमच्या भिंतीपलीकडचा खडखडाट इतका असतो, की घरात आम्ही ओरडूनच बोलतो. शुक्रवारी सकाळी तो थांबतो आणि मला कोणीतरी मागे येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. लहानपणापासून तसंच आहे. पाण्याच्या पिंपात नळाचे थेंब पडताना ऐकू येतात, शेजारच्या खोलीतलं खोकणं ऐकू येतं. वीजही नव्हती. आत्याला मी खिडकीशी, उजेडात बसवलं आणि फोन तिच्यासमोर धरला.

पडद्यावर एक गोल आला. त्यात तिचा चेहरा बसवला. फोनमधून बाईचा आवाज आला, मराठीतच, पण कुठल्याच गावच्या नसलेल्या बाईचा: "कृपया डोळ्यांची उघडझाप करा."

आत्या बघत राहिली.

"आत्या, डोळे मिट आणि उघड."

तिने मिटले, सावकाश, झोपायला मिटावेत तसे. उघडले आणि पुन्हा रोखून बघायला लागली. गोल लाल झाला. आवाज म्हणाला, "जिवंत चेहरा आढळला नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"काय बोलली ती?" आत्याने विचारलं.

"परत करायचंय."

आम्ही सहा वेळा केलं. तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं, की आत्याच्या पापण्या जवळजवळ लवतच नाहीत. मशीनवर एकाच वेळी कितीतरी धागे धावत असतात. एक तुटला आणि तेवढ्यात डोळा मिटलेला असला, तर कांडी वाया. ती सवय तिच्या चेहऱ्यावर राहिली होती. इतकी वर्षं मी तिच्यासमोर जेवले, आणि हे मला एका फोनने दाखवलं. सहाही वेळा तो आवाज, तितक्याच गोडव्याने, तिला म्हणाला: जिवंत चेहरा आढळला नाही.

सातव्या वेळी मी म्हटलं, "अगं, असं नाही. हे बघ, असं." मी तिच्या खांद्यावरून पुढे वाकले आणि पटपट दोनदा पापण्या मिटल्या.

गोल हिरवा झाला. एक चाक फिरलं. मग पडद्यावर आत्याचं पूर्ण नाव आलं आणि त्याखाली: अभिनंदन, तुमची ओळख पटली आहे.

आधार कार्डावरचा तिचा फोटो जुना आणि काळपट, नाक-डोळ्यांच्या फक्त सावल्या. त्या सावल्यांशी माझा चेहरा जुळला होता. मी बावीस वर्षांची, ती साठीच्या पुढची.

"झालं?" आत्या म्हणाली.

"झालं. पण ती मी होते."

ती आधी हसली. "आंधला हाय मेला." मग हसू थांबलं. बाहेर कुठेच आवाज नव्हता. "मंग मी कशाला पायजे?" ती म्हणाली.

बाबा दारात चपला काढत होते. त्यांनी सगळं ऐकलं. "बेस झालं," ते म्हणाले. "आता एकीचं व्याज दोघी खातील."

आत्या उठून आत गेली.

दुपारभर मी ते खातं उघडून बघत होते. डाव्या कोपऱ्यात छोट्या गोलात माझा फोटो, पापण्या अर्ध्या मिटलेल्या. शेजारी तिचं नाव, खाली तिचं जन्मसाल. नोकरी: कामगार. विवाह: नाही. वाचता वाचता ते सगळं माझंच वाटायला लागलं, कोणीतरी पुढचं आधीच भरून ठेवल्यासारखं. पुढच्या वेळी पैसे काढताना फोन पुन्हा चेहरा मागणार होता, आणि तो माझा मागणार होता. उद्या मी भिवंडी सोडून कुठे गेले, तर आत्याचे पैसे माझ्याबरोबर जाणार होते. बाबांकडचं ताट माझ्याकडे आलं असतं, एवढंच.

ते आत्याला मी सांगायच्या आधीच कळलं होतं. संध्याकाळी ती म्हणाली, "बंद कर ते."

मी ग्राहक सेवेला फोन लावला, स्पीकरवर. तिकडची मुलगी हिंदीत म्हणाली, "कस्टमर खुद बात करें."

"मैंच है," आत्या म्हणाली.

"आपकी जन्मतिथि?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. तिचा जन्म कधीचा हे कोणालाच माहीत नाही. आधारवर कोणीतरी एक जानेवारी टाकली आहे. मी एक बोट वर केलं. "एक," ती म्हणाली आणि थांबली. ईमेल विचारला, तो मीच बनवलेला. पिन कोड विचारला. "घर का ना? कामतघर."

"माफ कीजिए, आपका वेरिफिकेशन नहीं हुआ।"

आत्याने फोन माझ्या हातात दिला. मी नाव सांगितलं, तिचं. जन्मतारीख, ईमेल, पिन कोड, न अडखळता. काउंटरवर न फुटलेला माझा आवाज तिच्या नावाने सरळ निघत होता. "धन्यवाद," मुलगी म्हणाली आणि आत्याचं नाव घेऊन त्यापुढे 'जी' लावलं. "बताइए, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?"

मी खातं बंद करायला सांगितलं. तिने कारण विचारलं. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, पापणी न लववता. "चेहरा चुकला," असं मी म्हणाले नाही. "दुसरीकडे काढायचंय," म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी तिला सोमवारचं सांगितलं. कागदी फॉर्म, दोन फोटो, अंगठ्याची गरज नव्हती हे. आणि मी का लपवलं तेही.

"पावणेतीनच देतात ना ते?" तिने विचारलं.

"हो. चार महिन्यांचा पगार जाईल वर्षाला."

"जाऊ दे. मानूस बगून देतात." मग म्हणाली, "तुला बोलायचं न्हवतं तर मला सांगायचंस. मला तोंड हाय."

सोमवारी काउंटरवर तीच बोलली. मला तिने बाकावर बसायला सांगितलं. एक तारखेला दोन दिवस उरले असताना बाबांनी पैसे पाठवले. खाते क्रमांक मी वाचला, त्यांनी टाकला, एकेक आकडा पुन्हा विचारून. आत्या शेजारी उभी राहून बघत होती. पाठवल्यावर बाबा म्हणाले, "घे बाय, झालीस शेठानी." ती म्हणाली, "साडी परत पायजे काय तुला?"

कार्ड आलं तेव्हा मी तिला एटीएमवर घेऊन गेले. पडद्यावर मराठी निवडून दिलं. नव्या पिनचे चार आकडे तिने मनात ठरवले होते.

"कुठले?" सवयीने मी विचारलं.

तिने माझ्याकडे वळून बघितलं. "तिकडं तोंड कर," ती म्हणाली.

मी भिंतीकडे वळले. मागे चार वेळा बटण वाजलं, मग मशीनने पुन्हा मागितल्यावर आणखी चार वेळा.