आगिवलेबाईंचं अर्थशास्त्र

हिरा आगिवलेबाई कोणालाही भेटल्या की खुशालीच्या आधी विचारायच्या, "यायला किती वेळ लागला?" धसईच्या बाजारात भाजी घेऊन बसलेल्या बायांनाही हाच प्रश्न आणि माझ्यासारख्या ग्रंथपालालाही हाच. एसटी चुकल्याची माझी रडकथा त्या मनापासून ऐकायच्या, मधूनच वहीत काहीतरी टिपायच्या. मुरबाडच्या आमच्या कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवत.

त्यांचा जन्म शहापूर तालुक्यातल्या एका ठाकरवाडीतला. वाडीवरून तानसा तलाव दिसे, पण त्याचं पाणी मुंबईला जाई. वाडीतल्या बाया खोल दरीतल्या झऱ्यावरून हंडे भरून आणत. बाईंनी पीएचडीला हाच विषय घेतला: बाईच्या दिवसातला किती वेळ पाण्यात जातो? त्यांचे मार्गदर्शक म्हणाले, "यात अर्थशास्त्र कुठे आहे? भाव नाही, मजुरी नाही."

ठाम बोलायचं असलं की बाई घरच्या बोलीवर येत. "सर, मजुरी नाय म्हनूनच तर आजवर कोनी मोजलं नाय."

मार्गदर्शक बदलावे लागले, चार वर्षं वाढली. विषय मात्र तोच राहिला. प्रत्येक सुट्टीत त्या वाडीवर जाऊन बायांबरोबर पाण्याला निघत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, तुम्ही कशाला हंडा उचलता? लिहून घ्यायचं काम आहे ना?" त्या म्हणाल्या, "नुसती वही घेऊन मागं चाललं तर बाया लाजतात हो. आपल्याही डोईवर हंडा असला की बोलतात."

त्या प्रबंधामुळे त्यांचं नाव लांबवर पोचलं आणि पुढे अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांच्या देशभरातल्या संघटनेने त्यांना राष्ट्रीय अध्यक्ष निवडलं. मी पेढे घेऊन त्यांच्याबरोबर वाडीवर गेलो होतो. त्यांच्या आईने विचारलं, "राष्ट्रीय म्हंजे मुरबाडच्या पुढं का गो?"

"पुढं, आये. लय पुढं."

"मंग सांजच्याला घरी येशील ना?"

बाई हसल्या नाहीत. "येईन," म्हणाल्या.

अधिवेशन दरवर्षी मोठ्या शहरात भरे. बाईंनी मुरबाड सुचवलं. कार्यकारिणीची बैठक आमच्याच ग्रंथालयात झाली. "तिथे कोण येणार?" सगळ्यांचा एकच सूर. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अध्यक्ष तुमी केलंत, तुमी काढू शकता. मी अध्यक्ष असेपर्यंत अधिवेशन इथंच."

निम्मेच लोक आले. त्या सगळ्यांना बाई दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर घेऊन गेल्या आणि प्रत्येकाच्या हातात रिकामा हंडा दिला. दिल्लीचे एक नामांकित प्राध्यापक भरलेला हंडा खांद्यावर घेऊन निम्मा चढ चढले आणि दगडावर बसले. मागून येणाऱ्या बाईंच्या आईने त्यांचा हंडा आपल्या हंड्यावर चढवला आणि ती पुढे गेली. दुपारी त्या प्राध्यापकांनी आपलं लिहून आणलेलं भाषण वाचलंच नाही. बाईंचा प्रबंध मागून घेतला.

एवढ्याने नळ आला असं मात्र झालं नाही. अध्यक्षपदाची मुदत संपली, बाई निवृत्त झाल्या, तरी दर सोमवारी अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत जात राहिल्या. साहेब बदलले की नव्या साहेबाला पहिल्यापासून सगळं सांगायच्या. शेवटी वाडीत नळ आला, तेव्हा त्यांचं मूत्रपिंडाचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. दीड वर्षाने त्या गेल्या.

शोकसभा वाडीवरच झाली. मी बाईंच्या पदव्या, पदं, मानसन्मान असं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. ते वाचून संपल्यावर त्यांची आई पुढच्या रांगेतून म्हणाली, "मास्तर, ती आमच्यासंगती पानी भरायची. त्ये नाय लिवलं?"

"नाही, आई. राहिलं."

"मंग लिवा आधी."

मी खिशातून पेन काढलं. लिहून होईपर्यंत सारी वाडी थांबली. मग मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.